पहिल्या सहा आठवड्यांतली बाळंतीण: पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वेळेत कशा ओळखायच्या

बाळंतीण बाळ घेऊन घरी आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिच्या रक्तवाहिन्यांची परीक्षा मात्र बऱ्याचदा त्यानंतर सुरू होते. बाळंतपणानंतर रक्तदाब सर्वांत वर चढतो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बाईला त्याआधीच, साधारण ४८ तासांनी, घरी सोडलेलं असतं. म्हणजे ज्या दिवशी दंडाला पट्टा बांधून बीपी बघायला हवं, त्या दिवशी ती नाशिकच्या सिडकोतल्या घरी नाहीतर सुरगाण्याकडच्या पाड्यावर माहेरी असते. तिथे अळीव असतो, डिंक असतो, शेगडी असते, फक्त बीपीचं मशीन नसतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. वार पडल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गरोदरपणातच शरीर रक्त गोठण्याची ताकद वाढवून ठेवतं, आणि ती बाळंत झाल्याबरोबर उतरत नाही. गाठींचा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, थोडा बाराव्या आठवड्यापर्यंत टिकतो. सव्वा महिना झाला, बाई उठली, आता काही होत नाही, असं धरून चालता येत नाही. जोडीला सिझर, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, खूप रक्तस्राव, जास्त वजन किंवा दिवसच्या दिवस बाजेवर पडून राहणं असेल तर धोका चढत जातो.

बहुसंख्य बाळंतिणींना यातलं काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांच्याबाबतीत मोलाचे तास जातात ते घरातच, बहुधा "बाळंतवात आहे, शेक द्या" किंवा "बाहेरचं काहीतरी लागलंय" या वाक्यांमागे.

मेंदूत नेमकं काय बिघडतं

सर्वांत वरचं कारण वाढलेला रक्तदाब. गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बीपी वाढून झटके (फिट) येऊ शकतात, बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत, क्वचित सहा आठवड्यांपर्यंत कधीही. दाब फार चढला की मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटते, किंवा मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते. दृष्टीचं केंद्र तिथेच असल्याने डोळ्यांपुढे काजवे चमकतात, धूसर दिसतं, कधी काही वेळ दिसतच नाही.

दुसरं कारण आपल्याकडे नेहमी लक्षात ठेवावं असं: मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ होणं. मोरीचं तोंड तुंबलं की पाणी मागे चढतं, तसं इथे रक्त मागे साचतं, मेंदू सुजतो आणि काही वेळा रक्तस्रावही होतो. हा आजार झटक्यात समोर येईलच असं नाही. दोन-चार दिवस डोकं दुखतं, दुखणं रोज वाढत जातं, उलट्या होतात, मग फिट येते किंवा एक हात-पाय लुळा पडतो. पाणी कमी पिणं, जुलाब, ताप आणि रक्तक्षय यांनी याला हातभार लागतो.

तिसरं, मेंदूच्या धमन्या अचानक आकसणं. यात मिनिटाभरात शिगेला पोचणारी डोकेदुखी येते, उतरते आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा पुन्हा येते. सर्दीच्या काही गोळ्यांमधली नाक मोकळं करणारी द्रव्यं, दूध आटवण्यासाठी दिलेलं ब्रोमोक्रिप्टिन आणि रक्तस्रावासाठी दिलेलं मिथाइलअर्गोमेट्रिन यांच्यामुळे हे होऊ शकतं. म्हणून बाळंतिणीसाठी सर्दीची गोळी मेडिकलवरून परस्पर आणू नये, विशेषतः बीपी असलेल्या बाईला.

बाकी हृदयाकडून येणाऱ्या गाठी. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली असेल, किंवा बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायूच अशक्त झाला असेल, तर हृदयात झालेली गाठ मेंदूत जाऊ शकते. आडवं पडलं की दम लागणं, रात्री उशा वाढवाव्या लागणं, पावलांना सूज आणि छातीत धडधड, हे "बाळंतपणाचा थकवा" म्हणून सोडून देऊ नका.

घरी बीपी मोजायचं ते असं

मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाची मशीनं फसवतात. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर दिसतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. लघवी करून यावी. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसावं. बाळ पाजता पाजता मोजू नये. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहा. "नॉर्मल आलं" एवढं लिहिलेलं डॉक्टरांच्या काही उपयोगाचं नसतं.

गरोदरपणात किंवा बाळंतपणात बीपी वाढलेलं असेल तर पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, आणि घरी मोजलं तरी पहिल्या तीन दिवसांत एकदा व सातव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा दवाखान्यात दाखवा. बीपी कधीच नव्हतं अशा बाईचंही तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी मोजावं. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन करतात, तेव्हाच आईबद्दलही बोला आणि उपकेंद्रातल्या नर्सताईंकडून बीपी बघून घ्या.

१४०/९० किंवा वर आलं आणि त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १५०/१००च्या वर टिकून राहिलं तर औषध लागतं. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११०, दोन्हींपैकी कुठलाही एक आला तरी १५ मिनिटांनी परत मोजा. तसाच राहिला तर त्रास असो वा नसो, निघा. दवाखान्यात असं बीपी अर्ध्या ते एका तासात खाली आणायचं असतं, त्यामुळे "रात्र काढू, सकाळी जाऊ" इथे चालत नाही. आणि डोकेदुखी, दृष्टीचा त्रास, बरगडीखाली उजवीकडे दुखणं किंवा दम असेल तर १४०/९० सुद्धा पुरेसं आहे, १६०ची वाट पाहू नका.

जिभेखाली ठेवायची गोळी घरच्या घरी देऊ नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल चालतात, तेव्हा दुधाच्या भीतीने गोळ्या बंद करायचं कारण नाही. दोन दिवस आकडा बरा आला म्हणून गोळी स्वतःहून सोडणं ही नेहमीची चूक. आकडा बरा आहे तो त्या गोळीमुळे.

डोकेदुखी कुठली साधी, कुठली नाही

जागरणाने बाळंतिणीचं डोकं दुखतंच. पॅरासिटामॉलची एक गोळी, पोटभर पाणी आणि दोन तास झोप यांनी उतरलं तर ते सोडून द्या.

मणक्यात इंजेक्शन देऊन सिझर झालं असेल तर एक वेगळी डोकेदुखी असते. उठून बसलं की कपाळ-मान ठणकते, आडवं पडलं की काही मिनिटांत कमी होते. पहिल्या पाच दिवसांत सुरू होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा, तिला उपाय आहे. पण बसल्यावर दुखणारं डोकं पुढे आडवं पडूनही दुखायला लागलं, तर ती तीच डोकेदुखी राहिलेली नाही असं समजा. शिरेतली गाठ नेमकी इथे नजरेतून सुटते, कारण दुखण्याचं मूळ आधीच सापडलंय असं सगळे धरून चालतात.

निघायचं ते अशा वेळी: मिनिटाभरात असह्य झालेली डोकेदुखी, रोज चढत जाणारी, आडवं पडल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी, गोळीने न उतरणारी, उलट्यांसह, दोन-दोन दिसण्यासह, तापासह, किंवा बाई सुस्त, विसराळू, बडबडी झाल्यासह. एकाएकी असंबद्ध बोलणाऱ्या बाळंतिणीला देवऋषाकडे नेण्याआधी बीपी आणि मेंदूचा फोटो झाला पाहिजे. हा आजार मनाचा निघाला तरी त्यालाही दवाखानाच लागतो.

आणि एक नाशिकच्या थंडीतलं. खोलीचं दार-खिडकी लावून, फटीत गोधडी कोंबून कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. डोकं जड, मळमळ, झापड, आणि खोलीतल्या दुसऱ्यांनाही तसंच होत असेल तर आधी बाळ-बाळंतिणीला मोकळ्या हवेत काढा, मग दवाखाना.

सव्वा महिन्याच्या रीती: काय ठेवायचं, काय सोडायचं

लाडू, खीर, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, सगळं ठेवा. सोडायचं ते पाणी तोडणं. "पाणी प्यायलं की पोट सुटतं, टाके पिकतात" हे खरं नाही. पाजणाऱ्या बाईच्या पोटात दिवसाला अडीच ते तीन लिटर पातळ जायला हवं, म्हणजे पाणी, ताक, पेज, सार सगळं धरून. सोपी खूण अशी की लघवी फिकट पिवळी हवी. बाळ पाजायला घेतलं की हाताशी तांब्या ठेवायचा, हा नेम लावला की मोजत बसावं लागत नाही. एप्रिल-मेच्या झळांमध्ये हे जास्तच सांभाळा. हृदयाचा त्रास किंवा गंभीर बीपी असलेल्या बाईला मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी.

बाजेवरून उठू न देणंही सोडा. नॉर्मल डिलिव्हरीनंतर काही तासांत आणि सिझरनंतर पहिल्याच दिवशी आधार देऊन चालवतात, ते गाठी होऊ नयेत म्हणूनच. घरी आल्यावर दर दोन तासांनी खोलीत चार फेऱ्या आणि पडल्या पडल्या पावलं वर-खाली वीस वेळा, एवढं पुरतं.

मालिशवाल्या मावशींना दोन गोष्टी सांगून ठेवा. मान कडाकड मोडायची नाही, कारण मानेतल्या धमनीचा आतला पापुद्रा फाटू शकतो आणि तिथून गाठ मेंदूत जाते. आणि एक पाय सुजलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही.

तो पाय

गाठ डाव्या पायात जास्त होते, कारण ओटीपोटात डाव्या पायाची शीर उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीखाली दबते. दोन्ही पावलांना सारखी सूज ही बहुधा साधी. एकच पाय सुजला, पोटरी गरम, घट्ट, दुखरी झाली, तर शिंपीटेपने गुडघ्याखाली दोन्ही पायांवर एकाच उंचीवर घेर मोजा. २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. कधी पोटरी बरी असते आणि जांघ, कुल्ला, अख्खा पाय जड होतो, ती गाठ वरची असते. शेकू नका, चोळू नका.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडली, तर गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते. छातीत दाबल्यासारखं दुखून हात-जबड्याकडे कळ जात असेल तर ईसीजी काढायलाच हवा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तरुण बाईलाही हृदयविकाराचा झटका येतो, आणि "या वयात कुठे" म्हणून तो ॲसिडिटीत खपून जातो.

तोंड वाकडं झालं, फिट आली: पहिली दहा मिनिटं

तिला दात दाखवायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का बघा. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर दहा सेकंद धरायला सांगा, एक हात खाली घसरतो किंवा तळवा वळतो का. "गोदावरी रामकुंडावरून वाहते" असं एखादं वाक्य म्हणवून घ्या, अडखळते किंवा शब्द चुकतात का. चालताना तोल, दिसण्यात अंधार, हेही बघा. एकही खूण दिसली की थांबायचं नाही, आणि खूण अर्ध्या तासात आपोआप गेली तरी निघायचंच.

घड्याळ बघून लिहा: ती शेवटची पूर्ण बरी कधी दिसली. दवाखान्यात सगळे निर्णय त्या वेळेवरून होतात, त्रास लक्षात आला त्या वेळेवरून नाही. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ताजं बाळंतपण किंवा सिझर असेल तर त्यात रक्तस्रावाचा धोका पाहावा लागतो. मोठ्या धमनीतली गाठ तार घालून काढायचा उपाय काही रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो.

फिट येत असेल तर डाव्या कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेली साडी, आजूबाजूचं भांडं-शेगडी दूर. मोबाइलवर वेळ लावा आणि जमलं तर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. दातांत चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको, तोंडात पाणी नको. ॲस्पिरिनही नको. मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही.

१०८ला फोन करून पहिलं वाक्य असं बोला: "बाई बाळंत होऊन इतके दिवस झाले, फिट आली आहे" किंवा "एक बाजू लुळी पडली आहे." मग गाव, खूण, बीपीचा आकडा. पेठ, हरसूल, सुरगाणा भागातून येताना घाट आणि अंतर मध्ये असतं. म्हणून झटके आलेल्या बाईला वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच पुढे काढावं. हा डोस १० ग्रॅमचा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. नर्सताईंना तो देण्याचं प्रशिक्षण असतं. "इथे काही करू नका, सरळ नाशिकला न्या" असा घरच्यांनी हट्ट धरू नये. डोसची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.

कुठे न्यायचं हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, महापालिकेची रुग्णालयं, की जवळचं खासगी, जे असेल तिथे आधी फोन करून चार गोष्टी विचारा: सीटी स्कॅन रात्रीही होतो का, मेंदूच्या शिरांचा एमआरआय होतो का, मेंदूचे डॉक्टर बोलावले जातात का, आणि बाळंतिणीसाठी आयसीयूत जागा असते का. नाव बाळंतपणाचं असलं तरी सुविधा मेंदूच्या लागतात, हे लहान प्रसूतिगृह निवडताना विसरायला होतं.

सोबत घ्यायचं: डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, बीपीची वही, गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशनकार्ड. शेवटचे दोन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात.

दवाखान्यात

अपघात विभागात बाळ सोबत नसेल तर ही बाळंतीण आहे हे कुणाला दिसत नाही. दर नव्या डॉक्टरांना पुन्हा सांगा. साधा सीटी नॉर्मल आला म्हणून शिरेतली गाठ नाही असं होत नाही, ती साध्या सीटीत अनेकदा दिसत नाही. डोकेदुखी टिकून असेल तर "शिरांचा फोटो, म्हणजे व्हेनोग्राफी, करायची का?" असं स्पष्ट विचारा. सीटी किंवा एमआरआयसाठी रंगद्रव्य दिलं तरी अंगावर पाजता येतं, दूध काढून फेकायची गरज नाही.

शिरेत गाठ सापडली की रक्त पातळ करणारं हेपारिन सुरू करतात, मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरीही. नातेवाइकांना हे उलटं वाटतं आणि तिथेच सही अडते. कारण सरळ आहे: रक्तस्राव झालाय तो तुंबल्यामुळे, आणि तुंबलेलं मोकळं केल्याशिवाय तो थांबत नाही.

घरी परतल्यावर

पोटावरच्या त्वचेखालची एनॉक्सापॅरिनची (हेपारिनचाच एक प्रकार) इंजेक्शनं घरी घ्यायला लावली तर अशी द्या. बेंबीपासून दोन इंच सोडून चरबीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ उभी पूर्ण आत, हळूहळू दाबा, सुई बाहेर काढेपर्यंत चिमूट सोडू नका. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, काढला की औषध वाया जातं. नंतर चोळायचं नाही, नाहीतर निळे डाग पडतात. रोज बाजू बदला.

पुढे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनच्या गोळ्या सहसा तीन ते सहा महिने. रोज एकाच वेळी, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, चुकवायची नाही, बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३. पालेभाजी बंद करू नका, फक्त एका आठवड्यात रोज पालक आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं नको. काढे, चाटणं आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. वॉरफेरिन आणि हेपारिन दोन्ही घेत असताना बाळाला पाजता येतं. वॉरफेरिनवर असताना दिवस मात्र जाऊ देऊ नयेत, पोटातल्या गर्भाला त्याने व्यंग येऊ शकतं.

त्यासाठी साधन निवडताना इस्ट्रोजेन असलेली गोळी नको, माला-एन तीच. गाठ किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या बाईला ती पुढेही देत नाहीत, आणि पक्षाघातानंतर अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शनही सहसा टाळतात. तांबी चालते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर पाळीत जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन मधूनमधून तपासा. गर्भनिरोधक गोळ्या आणणाऱ्या नवऱ्याला किंवा जावेला, कुठली गोळी नको, ते नाव लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

पुढच्या खेपेला दिवस राहिल्याचं कळताच पहिल्याच तपासणीत जुनी फाइल दाखवा. गंभीर बीपी झालेलं असेल तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात, शिरेत गाठ झालेली असेल तर हेपारिनचा विचार होतो. बाराव्या आठवड्याची वेळ दवाखान्यात उशिरा नाव घातल्यानेच हुकते. मूल नको असलं तरी ज्या बाईला बाळंतपणात बीपी वाढलं होतं तिने दरवर्षी बीपी आणि साखर बघावी, तिला पुढे पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांहून जास्त राहतो.